तराजूजवळचा लेखनिक

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आनी नावाच्या एका इजिप्शियन लेखनिकाचा पपायरस आहे, सुमारे इ.स.पू. १२५० चा. त्यातला निवाड्याचा प्रसंग पुस्तकांतून अनेकांनी पाहिलेला असतो. मधोमध तराजू. एका पारड्यात आनीचं हृदय, दुसऱ्यात मात या देवतेचं, म्हणजे सत्याचं आणि सुव्यवस्थेचं, पीस. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस गुडघा टेकून काटा बघतो आहे. डावीकडे आनी आणि त्याची बायको तूतू वाकून उभी आहेत. उजवीकडे थॉथ : अंग माणसाचं, डोकं आयबिस पक्ष्याचं, एका हातात लेखनाची पट्टी, दुसऱ्यात बोरू. त्याच्यामागे अम्मित टपून बसली आहे. तोंड सुसरीचं, पुढचं धड सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हृदय जड भरलं तर ती ते गिळणार.

या चित्रात मी पुन्हा पुन्हा बघतो तो थॉथचा हात. तो पारड्याला लागत नाही. लिपी त्याची, चंद्र त्याचा, मंत्र त्याचे, दिवसांची मोजणी त्याची. एवढं सगळं हाताशी असलेल्या देवाला निवाड्याच्या वेळी काम एकच : जे भरलं ते लिहायचं आणि देवसभेला सांगायचं. इजिप्तच्या लोकांनी बुद्धीला सिंहासनावर बसवलं नाही, तराजूजवळ उभं केलं. त्यांच्या विचारातली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट ही आहे, आणि पुढची टिपणं बहुतेक तिच्याभोवतीच फिरतात.

*

आपल्या वाचकाला इथे चित्रगुप्त आठवणारच. यमाच्या दरबारातला हिशेबनीस, प्रत्येकाच्या पापपुण्याची वही ठेवणारा. उत्तरेकडचे कायस्थ यमद्वितीयेला, म्हणजे आपल्या भाऊबीजेच्या दिवशी, दौत-लेखणीची पूजा करतात ती त्याच्याच नावाने.

साम्य डोळ्यांत भरतं, पण फरक जास्त बोलका आहे. चित्रगुप्ताची वही आयुष्यभर भरत असते. माणूस यमासमोर उभा राहतो तेव्हा सगळं लिहून झालेलं असतं, फक्त वाचायचं उरतं. थॉथने त्या क्षणी अजून काही लिहिलेलं नाही. आधी वजन, मग अक्षर. एकीकडे पुरावा म्हणजे नोंद, दुसरीकडे पुरावा म्हणजे माणसाचं स्वतःचं काळीज. दोन्हीकडे लेखनिक आहे म्हणून दोघं एकच, असं म्हणून मोकळं होता येत नाही.

*

काळजाची साक्ष म्हटली की भीती आलीच. ममीच्या छातीवर हिरवट दगडाचा एक भुंगा ठेवत. त्यावर कोरलेल्या मंत्रात मेलेला माणूस आपल्याच हृदयाला विनवतो की तिथे माझ्याविरुद्ध बोलू नकोस. ‘मृतांच्या पुस्तका’तल्या या मंत्राला एक जुनी टीप जोडलेली सापडते : राजपुत्र होरदेदेफ याला हा मंत्र हर्मोपोलिसमध्ये थॉथच्या मूर्तीच्या पायांखाली मिळाला. म्हणजे सत्य लिहून घेणाऱ्याच्याच पायाशी त्या सत्यापासून वाचण्याची विनंती ठेवलेली. माणसाला दोन्ही हवं असतं.

*

आयबिसचा जवळचा भाऊबंद आपल्याकडे आहे. पांढरा शराटी, काही भागांत त्याला कुदळ्या म्हणतात. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर, पाणी भरलेल्या शेतांत, तळ्यांच्या काठावर तो दिसतो. अंग पांढरं, डोकं आणि मान उघडी, काळीभोर, आणि ती लांब, खाली वाकलेली चोच चिखलात खुपसून पुढे पुढे चालणं. इजिप्तचा पवित्र आयबिस याच कुळातला, त्याच्या शेपटीवर काळ्या पिसांची झालर असते. चिखल चाळत एकेक पाऊल टाकणारा हा पक्षी थोडा वेळ पाहिला की त्यात लेखनिक का दिसला असेल ते समजावून सांगावं लागत नाही.

इजिप्तमधून मात्र हा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नाहीसा झाला. हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे की आयबिसला मारणाऱ्याला, चुकून मारला तरी, देहदंड होता. ते संरक्षण गेलं, दलदली गेल्या, पक्षी गेला.

*

थॉथचं दुसरं रूप बबून माकडाचं. आनीच्या पपायरसमध्ये तेही आहे, तराजूच्या खांबावर चढून बसलेलं. हे माकड इजिप्तचं नव्हे, दक्षिणेकडच्या पुंत देशातून आणलेलं. हर्मोपोलिसला, आजच्या अल-अश्मुनैन गावाशी, तिसऱ्या आमेनहोतेपने करवलेले दोन अजस्र बबून अजून उभे आहेत, दुप्पट पुरुषाहून उंच.

पण लुव्र संग्रहालयातली एक छोटी मूर्ती मला त्या दोघांहून मोलाची वाटते. त्याच आमेनहोतेपच्या काळातला नेबमेरुतेफ नावाचा अधिकारी मांडी घालून, मान खाली घालून बसला आहे, मांडीवर पपायरस. शेजारच्या चौथऱ्यावर बबून. देव उंच बसला आहे आणि समोर बघतो आहे. माणूस फक्त लिहितो आहे. दोघांत संवाद नाही, आशीर्वादाचा हात नाही. देव नुसता हजर आहे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये होरेमहेब असाच बसला आहे. हा सेनापती, पुढे राजा झालेला. पण मूर्ती घडवताना त्याने तलवार मागितली नाही. लेखनिकाची बैठक मागितली, पोटाला सुखवस्तू वळ्या, मांडीवर थॉथचं स्तोत्र.

*

लेखनिकाची पट्टी म्हणजे लाकडाची लांबट फळी. वरच्या टोकाला दोन खळगे, एकात काळी शाई, एकात तांबडी. मध्ये खाच, तिच्यात बोरू. काजळीची काळी मजकुराला, गेरूची तांबडी मथळ्याला आणि नव्या परिच्छेदाच्या सुरुवातीला. आपल्या पोथ्यांतही गेरूच्या रंगात उठवलेल्या खुणा असतात, पण त्या दोन रिवाजांत नातं जोडायला माझ्याकडे काही नाही.

शिकाऊ मुलांच्या वह्यांतून थॉथची प्रार्थना येते. एका प्रार्थनेत त्याला वाळवंटातल्या गोड पाण्याच्या विहिरीची उपमा आहे, आणि ती विहीर बडबड्याला बंद, गप्प राहणाऱ्याला खुली आहे. शाळेतल्या मुलांना घोटवायचा मजकूर म्हणून गुरुजींनी हा का निवडला असेल ते उघड आहे. तरी तो खरा आहे.

*

वर्षाचे ३६५ दिवस कसे झाले? प्लुटार्कने सांगितलेली गोष्ट अशी. आकाशदेवी नूतला सूर्यदेवाचा शाप होता की वर्षाच्या कोणत्याही महिन्यात तिला मूल होणार नाही. थॉथ चंद्राशी सोंगट्या खेळायला बसला. डाव जिंकत जिंकत त्याने चंद्राच्या प्रकाशाचा सत्तरावा भाग मिळवला आणि त्यातून पाच दिवस घडवले. ते कोणत्याच महिन्यातले नव्हते. त्या पाच दिवसांत ओसिरिस, थोरला होरस, सेत, इसिस आणि नेफ्थिस जन्मले.

३६० ला ७० ने भागा, पाचाहून किंचित जास्त येतात. गोष्ट सांगणाऱ्याने हिशेब केलेला आहे. शाप मोडण्यासाठी इथे युद्ध नाही, तप नाही, वर नाही. नियमाचं उल्लंघनही नाही. शापाने वर्षातले दिवस अडवले होते, म्हणून वर्षाबाहेरचे दिवस आणले. हुशार कारकून नियमपुस्तक फाडत नाही, ते पूर्ण वाचतो.

इजिप्तच्या वर्षाचा पहिला महिना थॉथच्या नावाचा. कॉप्टिक ख्रिश्चनांच्या पंचांगात तो ‘तूत’ म्हणून अजून आहे, आणि त्यांचं नवं वर्ष ११ सप्टेंबरला सुरू होतं.

*

सेतने होरसचा डोळा फोडला. थॉथने तो बरा केला, पुरा केला, जागेवर बसवला.

उत्तर युरोपातल्या ओडिनने मीमीरच्या विहिरीतला एक घोट मिळावा म्हणून स्वतःचा डोळा काढून दिला. रून लिपी मिळावी म्हणून तो नऊ रात्री झाडाला लटकला, भाल्याने जखमी होऊन, अन्नपाण्यावाचून. याद्यांमध्ये थॉथ आणि ओडिन शेजारी शेजारी लिहिले जातात : दोघंही ज्ञानाचे, लिपीचे, मंत्रांचे देव. डोळ्याकडे पाहिलं की मात्र दोन वेगळी जगं दिसतात. एकात ज्ञान म्हणजे अंगाचा लचका देऊन विकत घेतलेली वस्तू. दुसऱ्यात ज्ञान म्हणजे मोडलेलं पूर्ववत करण्याचं कसब. ओडिन थोर आहे, त्याची वेदना खरी आहे. तरी मला स्वतःला डोळा बसवणारा देव जास्त जवळचा वाटतो.

*

प्रतिरूपांबद्दल एक पथ्य पाळावंसं वाटतं. काही जोड्या त्या काळच्या लोकांनीच लावलेल्या आहेत, काही आपण पुस्तकं शेजारी ठेवून लावतो. दोन्हींना एका पंगतीला बसवू नये.

थॉथ आणि ग्रीकांचा हर्मीस ही पहिल्या जातीची जोडी. ग्रीक लोक नाईलकाठी राहू लागले, लग्नं झाली, कज्जे झाले, करार दोन भाषांत झाले, तेव्हा देवांचीही दुभाषी नावं लागली. थॉथच्या नगराला ग्रीकांनी हर्मीसचंच नाव दिलं, हर्मोपोलिस. रोझेटा शिलेवरच्या इ.स.पू. १९६ च्या ग्रीक मजकुरात तो हर्मीस आहे. खरं तर हर्मीस निरोप्या, वाटसरूंचा, व्यापाऱ्यांचा, चोरांचाही पाठीराखा. लेखनिकाचं बैठं काम त्याच्या स्वभावात नाही. पण तो मेलेल्यांना वाट दाखवायचा आणि बोलण्यात चतुर होता. तेवढ्या दोन धाग्यांवर जोड बसली.

त्या जोडातून ‘त्रिवार थोर हर्मीस’ उभा राहिला आणि त्याच्या नावावर ग्रीकमध्ये तत्त्वज्ञानाचे ग्रंथ तयार झाले. फ्लॉरेन्सच्या कोसिमो द मेदिचीने म्हातारपणी मार्सिलिओ फिचिनोला प्लेटोचं भाषांतर बाजूला ठेवायला लावून या ग्रंथांचं आधी करून घेतलं, १४६३ मध्ये. ते मोझेसच्याही काळचं ज्ञान असावं असा समज होता. १६१४ मध्ये इझाक काझोबाँने भाषा तपासून दाखवलं की हे ग्रंथ ख्रिस्तोत्तर काळातले आहेत. शब्दांची घडण, उसने संदर्भ, सगळं नोंदवून, शांतपणे. दीडशे वर्षांची श्रद्धा त्याने थॉथच्याच पद्धतीने तपासली.

*

बुधवार ही दुसरी खरी जोडी आहे. ती थेट आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयापर्यंत येते.

दिवसाचे २४ तास ही इजिप्तची देणगी. ग्रहांचं शास्त्र बाबिलोनचं. अलेक्झांडरनंतरच्या काळात दोन्हींची गाठ पडली आणि प्रत्येक तासाला एक ग्रह अधिपती मिळाला : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, पुन्हा शनी. पंचांगात होरा बघणाऱ्याला हा क्रम पाठ असतो. ज्या ग्रहाचा पहिला तास, त्याचा तो दिवस. चोवीसाला सातांनी भागलं की तीन उरतात, म्हणून दुसऱ्या दिवशी अधिपती तीन घरं पुढे सरकतो. बुधापासून मोजा : चंद्र, शनी, गुरू. बुधवारनंतर गुरुवार. वारांचा क्रम ग्रहांच्या क्रमासारखा का नाही, याचं उत्तर एवढ्या भागाकारात आहे. तिसऱ्या शतकातला रोमन इतिहासकार डिओ कॅसियस हा हिशेब देतो आणि वारांचं श्रेय इजिप्तला देतो.

ग्रीकांचा हर्मीसचा दिवस रोमनांकडे मर्क्युरीचा झाला. जर्मन टोळ्यांचा मुख्य देव मर्क्युरीच, असं टॅसिटसने इ.स. ९८ मध्ये लिहिलं होतं. त्याच्या मनातला देव म्हणजे आपला वरचा ओडिन, आणि इंग्रजांच्या बुधवाराला नाव लागलं ते त्याचं. भारतात तो ग्रह बुध, चंद्राचा मुलगा. वाराचा उल्लेख असलेला सुरुवातीचा भारतीय शिलालेख मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर आहे, इ.स. ४८४ चा, बुधगुप्त राजाच्या काळातला. तो वार मात्र गुरुवार आहे.

थॉथ ते बुध अशी सरळ वंशावळ कोणी मांडली तर ती मी मान्य करणार नाही. प्रवास वाराचा झाला, देव ज्याचे त्याचे आपापल्या घरी होते.

*

मेसोपोटेमियात लेखनाची पहिली देवता धान्याची होती. निसाबा. सुमेरियन रचनांच्या शेवटी तिचा जयजयकार येतो. मातीच्या पाट्यांवरचं पहिलं लिखाण जवाच्या मापांचं, मेंढरांच्या आकड्यांचं होतं, त्यामुळे कोठाराची देवी तीच लेखनाची देवी हे ओघानेच आलं.

पुढे तिची जागा नाबूने घेतली. मार्दुकचा मुलगा, बोर्सिप्पा नगराचा धनी, चिन्ह लेखणीचं, ग्रह बुध. नववर्षाच्या उत्सवात त्याची मूर्ती बोर्सिप्पाहून बाबिलोनला बापाच्या भेटीला येई. नेबुकद्नेझर या जगज्जेत्याच्या नावात पहिला शब्द या लेखनिकाचा. निमरूद इथल्या नाबूच्या देवळात इ.स.पू. नवव्या शतकाच्या अखेरीस एका सुभेदाराने बसवलेल्या मूर्ती होत्या. त्यांच्यावर पुढच्या पिढ्यांना बजावलं आहे की भरवसा नाबूवर ठेवा, दुसऱ्या देवावर नको. थॉथबद्दल असं कोणी कोरलेलं माझ्या पाहण्यात नाही. नाबू लेखणीच्या जोरावर वर चढत गेला. थॉथ होता तिथेच राहिला.

*

गणपती आणि व्यास. प्राण्याचं डोकं, हातात लेखणी, चंद्राशी वैर की मैत्री असा काहीतरी संबंध : थॉथशेजारी गणपतीला बसवण्याचा मोह मराठी माणसाला होणारच. पण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा वि. सी. सुकथनकरांच्या आदिपर्वात, १९३३ मध्ये, गणपतीने लेखनिकाचं काम पत्करल्याची कथा मूळ संहितेत न राहता परिशिष्टात गेली. हस्तलिखितांचा कौल तसा होता. घरोघर गणपती बसवणाऱ्या गावात बसून, साऱ्या महाराष्ट्राच्या लाडक्या कथेबद्दल हा निर्णय घेणं सोपं नसेल. हस्तलिखितांच्या पारड्याला त्यांनी बोट लावलं नाही, म्हणून मला त्या परिशिष्टाचा अभिमान वाटतो. कथा कुठे गेली नाही. ती छापलेली आहे, तिच्या खऱ्या जागी.

*

चीनमध्ये लिपी शोधणारा त्सांगजिए. त्याला चार डोळे. पाखरांच्या पावलांचे ठसे पाहून त्याला अक्षरं सुचली, आणि अक्षरं झाली त्या रात्री भुतं रडली.

पश्चिम आफ्रिकेत योरुबांचा ओरुन्मिला. माणसाचं नशीब ठरताना तो साक्षीला होता. त्याच्या हातात लेखणी नाही. त्याची विद्या २५६ ओदूंमध्ये मुखोद्गत असते, ताडाच्या सोळा बिया टाकून त्यातला नेमका ओदू काढायचा आणि त्याची वचनं म्हणायची. युनेस्कोने २००५ मध्ये या परंपरेला मानवजातीचा ठेवा म्हटलं. बुद्धीच्या देवाला लिपी लागतेच असं नाही, हे त्याच्याकडून कळतं.

*

प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादात थॉथ राजाकडे जातो. अंकगणित, भूमिती, खगोल, सोंगट्या आणि अक्षरं असे शोध पुढे ठेवतो. अक्षरांनी स्मृती वाढेल, असं सांगतो. राजा म्हणतो, उलट होईल, लोक आठवणं सोडून देतील.

राजाची बाजू आपल्या वैदिकांनी घेतली असती. पाणिनीय शिक्षेत अधम पाठकांचे सहा प्रकार आहेत आणि लिहिलेलं पाहून म्हणणारा त्यातला एक. ज्यांनी पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ रचून एकही स्वर ढळू दिला नाही, त्यांना असं म्हणण्याचा अधिकार होता. गंमत अशी नव्हे, खेद असा की त्या पाठकांच्या वाद्यासारख्या जुळलेल्या कंठांपैकी कित्येक शाखांचे कंठ कायमचे बंद पडले. ज्यांचं लिहून ठेवलं गेलं, त्यांचा निदान मजकूर तरी उरला.

*

सेतना या इजिप्शियन राजपुत्राच्या कथेत थॉथने स्वहस्ते लिहिलेलं पुस्तक आहे. कोप्तोसजवळ नदीच्या तळाशी लोखंडी पेटी, तिच्यात काशाची, मग लाकडाची, हस्तिदंत-आबनुसाची, चांदीची, शेवटी सोन्याची. भोवती साप आणि विंचू. नेफेरकाप्ताह नावाचा विद्वान ते मिळवतो. पुस्तक वाचल्यावर तो करतो ते विलक्षण आहे : कोऱ्या पपायरसवर सगळं उतरवून काढतो, बिअरमध्ये भिजवतो, पाण्यात विरघळवतो आणि पिऊन टाकतो.

थॉथ चिडून वीज टाकत नाही. तो रा देवाकडे फिर्याद नेतो : माझं पुस्तक नेलं, माझा राखणदार मारला. निकाल लागतो. नेफेरकाप्ताहचा मुलगा बुडतो, बायको बुडते, शेवटी तो स्वतः. शिक्षा क्रूर आहे, निरपराध मुलाला तर ती होऊच नये. मला ती पटत नाही. पण फिर्यादीशिवाय सूड नाही, ही थॉथची रीत इथेही सुटलेली नाही.

*

१७९८ च्या मोहिमेत नेपोलियनबरोबर गेलेल्या विद्वानांनी आयबिसच्या ममी पॅरिसला आणल्या. जॉर्ज कुव्हिएने त्यांची हाडं मोजली, जिवंत जातीशी ताडून पाहिली. फरक नाही. म्हणून प्राण्यांच्या जाती बदलत नाहीत, असा त्याने लामार्कविरुद्ध निष्कर्ष काढला. लामार्कचं म्हणणं होतं की एवढा काळ फारच थोडा आहे. मोजमाप कुव्हिएचं बरोबर होतं, काळाचा अंदाज लामार्कचा.

*

साक्कारा इथे १९६४ मध्ये वॉल्टर एमरी हा पुरातत्त्वज्ञ इम्होतेपची कबर शोधत होता. ती मिळाली नाही. मिळाली जमिनीखालची दालनं, छतापर्यंत रचलेल्या मातीच्या भांड्यांची. प्रत्येक भांड्यात थॉथला वाहिलेला एक आयबिस, गुंडाळलेला. अशी भांडी लाखोंनी, आणि तूना अल-गबलला आणखी लाखो. यातले पुष्कळ पक्षी रानातून धरून आणलेले असावेत, असं २०१९ च्या जनुकीय अभ्यासातून दिसलं.

तिथेच होर नावाच्या माणसाची खापरं सापडली. इ.स.पू. दुसरं शतक. हा सेबेन्नितोसकडचा, आयबिसांच्या देवस्थानात लेखनिकाचं काम करणारा, स्वप्नं पडणारा, ती लिहून ठेवणारा. त्याच्या नोंदींत ६०,००० आयबिसांच्या खाण्याचा विषय आहे. आणि गैरव्यवहार आहेत. यात्रेकरू पैसे भरून पक्षी वाहायचे, पुजाऱ्यांच्या हातून काय पुरलं जाई ते त्यांना दिसत नसे. आज क्ष-किरणांखाली प्राण्यांच्या अनेक ममींमध्ये नुसती पिसं, माती, काटक्या निघतात. खऱ्या मापाच्या देवाच्या दारात मापात पाप होत होतं, आणि ते पाहून होर गप्प बसला नाही. चौकशी झाली, अधिकाऱ्यांपुढे गोष्ट गेली, नियम ठरला : एका भांड्यात एक देव. होरने तो खापरावर शाईने लिहून ठेवला. जॉन रे यांनी ती खापरं वाचून १९७६ मध्ये प्रसिद्ध केली.